हल्दीराम : एका लाडक्या नावाची वाटणी

हल्दीराम हे कोणाचेही आडनाव नाही. या नावासाठी ज्यांनी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या, ते घराणे अग्रवालांचे. आणि ज्यांच्यामुळे हे नाव बाजारात आले, त्यांचे कागदोपत्री नाव गंगाबिशन. हल्दीराम हे त्यांचे घरातले लाडाचे नाव. बिकानेरच्या एका मारवाडी घरात हाक मारण्यापुरते असलेले हे नाव पुढे देशभरातील पाकिटांवर छापले गेले आणि त्याच्या मालकीवरून नातवंडांत दावे उभे राहिले. त्या दाव्यांची बीजे खुद्द गंगाबिशन यांच्याच सह्यांमध्ये होती, हा या चरित्राचा विलक्षण भाग होय.

गंगाबिशन यांचा जन्म १९०८ चा. बिकानेरमध्ये त्यांचे आजोबा भिखाराम भुजियाचे दुकान चालवीत. भुजिया म्हणजे बारीक शेव. ती त्या गावात घरोघरी होत असे आणि गल्लोगल्ली विकलीही जात असे. आजोबांच्या दुकानात लहानपणापासून वावरलेल्या या मुलाने तिच्यात बदल केले, असे सांगितले जाते. नुसत्या बेसनाऐवजी त्याने मटकीचे पीठ वापरले आणि झाऱ्याची भोके बारीक करून शेव अधिक नाजूक केली. मटकी हे वाळवंटी प्रदेशातले हक्काचे पीक. त्यामुळे चवीला तिथल्या मातीचा आधार मिळाला. बिकानेरचे महाराजा डुंगरसिंह यांचे नाव देऊन ही शेव विकण्याची युक्तीही त्यांचीच मानली जाते. नावाला बाजारात किंमत असते, हे या अल्पशिक्षित हलवायाला फार लवकर उमगले होते.

एकत्र कुटुंबातील बेबनावामुळे गंगाबिशन यांना बायकामुलांसह घर सोडावे लागले. काही काळ हलाखीत गेला. १९३७ मध्ये त्यांनी बिकानेरमध्ये स्वतःचे दुकान थाटले. हल्दीरामच्या आजच्या कंपन्या आपली सुरुवात याच वर्षापासून मोजतात. पन्नासच्या दशकात एका लग्नाच्या निमित्ताने ते कोलकात्याला गेले. तिथे मारवाडी वस्ती मोठी, आणि गावाकडच्या चवीला गिऱ्हाईक तयार. दुकान निघाले आणि चालले. धाकटा मुलगा रामेश्वरलाल याचे कुटुंब तिकडेच स्थिरावले, तर थोरला मूलचंद बिकानेरचा व्यवसाय पाहू लागला. मधला सत्यनारायण वेगळा झाला. सत्तरच्या सुमारास मूलचंदचा थोरला मुलगा शिवकिशन याने नागपुरात बस्तान बसविले. संत्रा बर्फीमुळे वैदर्भीयांना हे नाव आपलेच वाटते, ते तेव्हापासून.

इथवरची कथा कोणत्याही यशस्वी मारवाडी पेढीची असू शकेल. वेगळेपण सुरू होते ते कागदपत्रांपासून. चांदमल गंगाबिशन या भागीदारी पेढीत गंगाबिशन, मुलगा मूलचंद, नातू शिवकिशन आणि रामेश्वरलालची पत्नी असे भागीदार होते. डिसेंबर १९७२ मध्ये या पेढीने हल्दीराम भुजियावाला हे नाव आणि एचआरबी ही अक्षरे असलेले बोधचिन्ह ट्रेडमार्क म्हणून नोंदविण्यासाठी अर्ज केला, आणि नोंदणी मिळाली. दोनच वर्षांत, १६ नोव्हेंबर १९७४ रोजी, पेढी विसर्जित झाली. विसर्जनपत्रानुसार पश्चिम बंगालपुरता नावाचा हक्क धाकट्या सुनेकडे, म्हणजे कोलकात्याच्या शाखेकडे गेला. उरलेला सारा देश मूलचंदच्या वाट्याला आला.

शेताची वाटणी बांध घालून करावी, तशी ही नावाची वाटणी झाली. घरात ती न्याय्यही वाटली असावी. कोलकात्याचे दुकान ज्यांनी सांभाळले, त्यांना त्यांचे राज्य मिळाले. परंतु शेत जागचे हलत नाही, भुजियाचे पाकीट मात्र रेल्वेने कुठेही जाते. राज्याच्या सीमेवर ग्राहकाची ओळख बदलत नाही. आसनसोलला घेतलेले हल्दीराम आणि धनबादला घेतलेले हल्दीराम निरनिराळ्या मालकांचे आहे, हे गिऱ्हाइकाने कसे ओळखावे, याचे उत्तर त्या विसर्जनपत्रात नव्हते.

त्यात आणखी एक गुंता पडला. १० ऑक्टोबर १९७७ रोजी याच ट्रेडमार्कसाठी कोलकात्यात दुसरा अर्ज दाखल झाला. अर्जदार होते रामेश्वरलाल आणि स्वतः गंगाबिशन. आधीची वाटणी दडवून हा अर्ज केल्याचा आक्षेप मूलचंदच्या मुलांनी पुढे न्यायालयात घेतला. सत्तरीजवळ पोचलेल्या गंगाबिशन यांच्या मनात त्या वेळी काय होते, हे विचारण्याची सोय राहिली नाही. १९८० मध्ये त्यांचे निधन झाले, १९८५ मध्ये मूलचंदही गेले आणि नोंदणी मूलचंदच्या चार मुलांच्या नावे आली.

ठिणगी पडली ती डिसेंबर १९९१ मध्ये. कोलकात्याच्या शाखेने दिल्लीतील करोलबागेत, आर्य समाज रोडवर, याच नावाने दुकान काढण्याचा घाट घातला. चांदणी चौकात मूलचंदच्या मुलांचे दुकान होते. त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. नाव तेच, बोधचिन्ह तेच, आजोबाही तेच. परक्याने केलेली नक्कल सिद्ध करणे सोपे असते. इथे दोन्ही पक्ष अस्सल वारस होते आणि खरे हल्दीराम हयात नव्हते.

मूळ प्रश्न बाजूलाच राहिला आणि वाद एका तांत्रिक मुद्द्यावर अडला. दावा दाखल झाला तेव्हा दिल्लीच्या भागीदारी पेढीची नोंदणी झालेली नव्हती. भागीदारी कायद्याच्या कलम ६९ अन्वये अशा पेढीला करारातून निर्माण झालेल्या हक्कासाठी त्रयस्थाविरुद्ध दावा करता येत नाही. म्हणून दावाच फेटाळावा, असा कोलकाता शाखेचा युक्तिवाद होता. उच्च न्यायालयाने तो मानला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २८ फेब्रुवारी २००० रोजी तेथेही अपील फेटाळले गेले. ट्रेडमार्कचा हक्क कायद्याने मिळतो, आपला माल दुसऱ्याच्या नावावर खपविण्यास मज्जाव करण्याचा हक्क सामान्य न्यायतत्त्वांतून येतो, आणि हे दोन्ही हक्क करारातून उद्भवलेले नाहीत, असा या निकालाचा गाभा आहे. भागीदारी कायदा शिकणाऱ्यांना हा निकाल आजही वाचावा लागतो. भुजिया विकणाऱ्या माणसाचे नाव कायद्याच्या पाठ्यपुस्तकात असे शिरले. दावा चालण्यास योग्य आहे, एवढे ठरायला मात्र आठ वर्षे लागली.

दरम्यान, घराण्यातल्या एका नातवाने वेगळी वाट धरली होती. शिवरतन अग्रवाल यांनी १९९३ मध्ये बिकानेरहून स्वतःचा माल बिकाजी या नावाने बाजारात आणला. बिकानेर वसविणाऱ्या राव बिका यांच्यावरून हे नाव घेतलेले. या कंपनीचे समभाग २०२२ मध्ये शेअर बाजारात दाखल झाले. आजोबांचे नाव न वापरताही त्यांची भुजिया विकता येते, हे यातून दिसले. कोलकात्याच्या शाखेनेही प्रभुजी हे नाव पुढे आणले.

दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये एका वेगळ्या खटल्यात हल्दीराम हा सुविख्यात ट्रेडमार्क असल्याचे जाहीर केले. समोरचा पक्ष या वेळी घराण्याबाहेरचा होता. तरीही निकालात १९७४ च्या विसर्जनपत्राचा आणि पश्चिम बंगालच्या अपवादाचा उल्लेख करावाच लागला. २०२५ मध्ये दिल्ली आणि नागपूर या दोन शाखांचे पाकीटबंद खाद्यपदार्थांचे व्यवसाय एका कंपनीत विलीन झाले. कोलकात्याची शाखा त्यात नाही.