सोनोग्राफीतले ठिपके आणि लॉर्ड रेली

सोनोग्राफीचा फोटो हल्ली व्हॉट्सॲपवरच येतो. पुढच्या वेळी आला की झूम करून बघा. सगळी इमेज रवाळ दिसेल, काळ्या-पांढऱ्या कणांनी भरलेली. मशीन बिघडलेलं नसतं, आणि रात्रीच्या फोटोत येतो तसला कॅमेऱ्याचा नॉइजही हा नव्हे. याला स्पेकल म्हणतात. मी असल्या इमेजेस साफ करणारं सॉफ्टवेअर लिहितो आणि माझ्या कोडमध्ये रोज एक नाव येतं, रेली. गंमत म्हणजे या माणसाने ना सोनोग्राफी पाहिली, ना लेझर.

जॉन विल्यम स्ट्रट हे त्यांचं मूळ नाव. जन्म १८४२ चा, इंग्लंडमधल्या एसेक्सचा, घराणं जमीनदारांचं. लहानपणी तब्येत नाजूक, शाळा सारखी बुडायची. तरी १८६५ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले. आकाश निळं का दिसतं याचं त्यांनी १८७१ साली दिलेलं उत्तर आपण शाळेत शिकतो. पुढच्याच वर्षी मोठं आजारपण आलं. हवापालट म्हणून बायकोबरोबर इजिप्तला गेले, तर तिथे नाईल नदीवरच्या बोटीत बसून ध्वनीवरचा जाडजूड ग्रंथ लिहायला घेतला! (आपण ट्रिपला लॅपटॉप नेला तर घरचे ओरडतात.) वडील गेल्यावर १८७३ साली ते लॉर्ड रेली झाले. पुढे शेतीचा कारभार धाकट्या भावावर सोपवला आणि राहत्या वाड्यातच प्रयोगशाळा थाटली.

आपल्या कामाचं वर्ष म्हणजे १८८०. रेलींनी एक साधा वाटणारा प्रश्न घेतला. एकाच सुराच्या खूप लाटा एकत्र आल्या, पण प्रत्येकीचा चढ-उतार वेगळ्या वेळी सुरू झालेला असेल, तर एकूण आवाज किती? चढावर चढ आला तर आवाज वाढतो, चढावर उतार आला तर दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. १०० सारख्या लाटा असतील तर तीव्रता एका लाटेच्या १०० पट होईल असं आपण म्हणू. रेलींनी दाखवलं की १०० पट ही फक्त सरासरी आहे. एखाद्या ठिकाणी ती शून्य असू शकते, एखाद्या ठिकाणी बरीच जास्त. त्यांच्या सूत्राने हिशोब केला तर सुमारे ६३ टक्के जागी ती सरासरीपेक्षा कमीच भरते.

आता हेच यकृताच्या सोनोग्राफीत बघा. एका पिक्सेलएवढ्या जागेत पेशींच्या असंख्य बारीक रचना असतात. प्रत्येकीवरून आवाजाची लाट परत येते आणि मशीनला मिळते ती सगळ्यांची बेरीज. म्हणून बराचसा भाग काळपट आणि मधूनच एखादा चकचकीत ठिपका. आवाजाची ताकद वाढवून काही होत नाही, कारण सरासरी दुप्पट झाली की चढ-उतारही दुप्पट होतात. उपाय एकच, सरासरी. त्याच जागेच्या वेगवेगळ्या कोनांतून १६ स्वतंत्र इमेजेस घेऊन सरासरी काढली, तर स्पेकल एक चतुर्थांशावर येतो. उपग्रहांवरच्या रडारच्या इमेजेसनाही हेच करतात.

पण इतक्या इमेजेस दर वेळी कुठून आणायच्या? मग एकाच इमेजमधल्या शेजारशेजारच्या पिक्सेलची सरासरी काढायचा मोह होतो. इमेज लोण्यासारखी मऊ दिसते, बघणारा खूश होतो. मला मात्र इथेच धडकी भरते. शेजारच्या पिक्सेलमधला फरक योगायोगाचा आहे असं आपण गृहीत धरलेलं असतं. तो फरक म्हणजे खरोखरच छोटी गाठ असेल, तर आपला फिल्टर तिलाही पुसून टाकतो.

फरक योगायोगाचा की खरा, या प्रश्नाने रेलींनाही काही वर्षं छळलं. ते नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून काढलेला नायट्रोजन लिटरला सुमारे १.२५७ ग्रॅम भरायचा आणि रासायनिक संयुगांतून काढलेला सुमारे १.२५१ ग्रॅम. फरक अर्ध्या टक्क्याचा. दुसऱ्या कुणी मोजमापातली चूक म्हणून सोडून दिला असता. रेलींनी पुन्हा पुन्हा मोजलं. योगायोगाचा फरक असता तर सरासरीत विरून गेला असता, हा काही केल्या जाईना. १८९२ साली त्यांनी नेचर साप्ताहिकात पत्र लिहून रसायनतज्ज्ञांनाच कारण विचारलं. इतका मोठा माणूस जाहीरपणे मदत मागतो, हे मला फार आवडतं. शेवटी विल्यम रॅमसे आणि त्यांनी मिळून त्या अर्ध्या टक्क्यातून एक नवा वायू बाहेर काढला, आर्गॉन. १९०४ साली रेलींना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, रॅमसेंना त्याच वर्षी रसायनशास्त्राचं.

पुढच्या वर्षी कार्ल पिअर्सन यांनी नेचरमध्येच एक कोडं घातलं. एक माणूस दर पावलाला कुठल्याही दिशेला वळत चालला, तर शेवटी सुरुवातीपासून किती लांब असेल? रेलींचं उत्तर पुढच्याच अंकात आलं. पावलांच्या जागी लाटा धरल्या की हे त्यांचं १८८० चंच गणित होतं.

तुमच्या फोनमध्येही हा माणूस आहे बरं का. नको असलेल्या फ्रिक्वेन्सी गाळणारे काही फिल्टर ज्या पृष्ठभागावरच्या लाटांवर चालतात, त्या रेलींनी १८८५ साली मांडल्या. गर्दीच्या गल्लीत दोन पावलं सरकलं की नेटवर्क बदलतं, त्याचा हिशोबही इंजिनिअर त्यांच्याच सूत्राने करतात.

३० जून १९१९ रोजी रेली वारले. पहिला लेझर पेटला १९६० साली. त्याचा उजेड भिंतीवर पडताच संशोधकांना तिथे चमचमणारे कण दिसले. त्यांचं गणित मात्र ८० वर्षांपूर्वीच छापून झालं होतं.