बाप जिवंत असताना स्वतःच्या नावाचा रुपया पाडणारा मुरादबक्ष

मुघल काळात बादशहा कोण, हे दोन गोष्टींवरून ठरायचं. शुक्रवारच्या नमाजात खुतबा कोणाच्या नावाने वाचला जातो आणि रुपयावर नाव कोणाचं आहे.

सप्टेंबर १६५७ मध्ये शहाजहान आजारी पडला आणि तो गेल्याच्या अफवा पसरल्या. त्याचा धाकटा मुलगा मुरादबक्ष तेव्हा गुजरातचा सुभेदार होता. शूर, पण तापट. आपला दिवाण अली नकी फितूर झाल्याचा त्याला संशय आला आणि त्याने स्वतःच्या हाताने त्याला ठार केलं.

आता फौजेसाठी पैसा हवा होता. त्याच्या माणसांनी सुरतेचा किल्ला सुरुंग लावून घेतला. तिथल्या व्यापाऱ्यांकडून पाच लाख रुपये कर्ज म्हणून वसूल केले. त्यात वीरजी व्होरा होता. पुढे १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा याच वीरजीचा वाडा लुटला गेला होता.

१६५७ संपण्याआधीच मुरादने अहमदाबादमध्ये स्वतःला बादशहा जाहीर केलं. अहमदाबाद, सुरत आणि खंबायतच्या टांकसाळींतून त्याच्या नावाचे चांदीचे रुपये निघू लागले. बाप मात्र जिवंत होता.

दख्खनमध्ये असलेल्या औरंगजेबाने त्याच्याशी हातमिळवणी केली. पंजाब, काश्मीर, सिंध आणि काबूलकडचा मुलूख मुरादला देण्याचं ठरलं. १६५८ मध्ये धर्मत आणि सामूगढची लढाई दोघांनी मिळून जिंकली. सामूगढला मुराद जखमीही झाला.

काम झालं होतं. जूनमध्ये मथुरेजवळ औरंगजेबाने त्याला मेजवानीला बोलावलं. मुराद झोपला असताना त्याची हत्यारं काढून घेतली आणि त्याला कैद केलं. तिथून त्याची रवानगी शेवटी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली.

बापाच्या हयातीत तख्त बळकावल्याचा गुन्हा लावावा, तर तो औरंगजेबालाही लागू होत होता. म्हणून जुना खून बाहेर काढला गेला. अली नकीच्या थोरल्या मुलाने सूड मागायला नकार दिला, धाकटा तयार झाला. काझीने निकाल दिला आणि डिसेंबर १६६१ मध्ये मुरादला ठार करण्यात आलं.

त्याची बादशाही जेमतेम काही महिने टिकली. त्यामुळेच त्याच्या नावाचा रुपया आज इतका दुर्मीळ आहे. त्या रुपयावर मात्र तो अजूनही बादशहाच आहे.