बाबा आमटेंना बसता येत नव्हतं, तरी ते कन्याकुमारीहून काश्मीरला गेले

तेरखेड्यात फटाके बनवणारा कामगार असो नाहीतर पुण्यात कॉम्प्युटरपुढे काम करणारा, दिवसाचे आठ-दहा तास आपण बसून काढतो. आता समजा, एक दिवस बसणंच बंद झालं तर? एक तर उभं राहायचं, नाहीतर आडवं पडायचं.

बाबा आमटेंनी आयुष्याची कित्येक वर्षं अशीच काढली.

मुरलीधर देवीदास आमटे. जन्म 26 डिसेंबर 1914, हिंगणघाटचा. घरची जमीनदारी, स्वतःची वकिली. सगळं सोडलं आणि 1951 साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन सुरू केलं. सोबत साधनाताई, दोन लहान मुलं, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशात 14 रुपये. बाबा स्वतः कुदळ घेऊन उभे राहिले. दगड फोडले, विहीर खणली.

पुढे या धडधाकट माणसाच्या पाठीनेच दगा दिला. मणक्यांची झीज होत गेली आणि बसणं अशक्य झालं.

आता इथे एक गोष्ट समजून घेऊ. पाठीचा कणा वाकडा असणं आणि मणके झिजणं हे दोन वेगळे प्रकार आहेत. जन्मजात बाक असतो तेव्हा आईच्या पोटातच एखादा मणका अर्धवट तयार होतो किंवा दोन मणके जोडलेले राहतात. बाक थोडाच असेल, तर काहींना तो उतारवयात एक्स-रे काढल्यावरच कळतो. बाबांचं दुखणं जन्मजात नव्हतं, नंतर आलेलं होतं. पण दोन्हींत पुढचा प्रश्न एकच असतो. पाठ पूर्वीसारखी होणार नाही, मग जगायचं कसं?

बसल्यावर आराम मिळतो असं आपल्याला वाटतं. पण पुढे झुकून बसलं की कमरेच्या मणक्यांमधल्या गादीवर उभं राहण्यापेक्षा जास्त दाब येतो. आडवं पडल्यावर तो सगळ्यात कमी होतो. म्हणून कित्येक पाठदुखीवाल्यांना चालणं जमतं, पण खुर्ची नको वाटते.

बाबांनी शरीराची ही अट मान्य केली आणि काम त्या अटीत बसवलं. भेटायला येणाऱ्यांशी ते खाटेवर पडून बोलत.

1985 च्या डिसेंबरात त्यांनी भारत जोडो यात्रा काढली. देशात फुटीरतेचं वातावरण होतं. शंभराहून जास्त तरुण-तरुणी सायकलवर निघाले, कन्याकुमारी ते काश्मीर, सुमारे 5 हजार किलोमीटर. सत्तरीतले बाबा सोबतच्या गाडीत, बिछान्यावर आडवे पडून. 1988 मध्ये अरुणाचल ते गुजरात अशी दुसरी यात्राही झाली.

एवढ्यावर थांबले असते तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण 1990 मध्ये त्यांनी आनंदवन सोडलं आणि धरणग्रस्तांच्या बाजूने नर्मदेकाठी कसरावदला जाऊन राहिले. पुढची जवळपास दहा वर्षं तिथेच गेली.

9 फेब्रुवारी 2008 ला आनंदवनात त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन न करता तिथल्याच मातीत दफन केलं.

बाबांची पाठ शेवटपर्यंत बरी झाली नाही. ती बरी होईपर्यंत थांबायचं नाही, एवढं मात्र त्यांनी ठरवलं होतं.