कैदी क्रमांक ९६५३

नोव्हेंबर १९२० मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली, तेव्हा एक उमेदवार अटलांटाच्या तुरुंगात दहा वर्षांची शिक्षा भोगत होता. वय पासष्टीला टेकलेलं. सभा नाहीत, दौरे नाहीत. आठवड्यातून एकदा एक छोटं निवेदन बाहेर पाठवायची तेवढी मुभा. त्याच्या पाठीराख्यांनी छातीवर लावलेल्या बिल्ल्यांवर त्याचा कैदी क्रमांक छापलेला होता : ९६५३. मतमोजणी झाली तेव्हा या कैद्याला नऊ लाखांहून जास्त मतं पडली होती.

हे होते युजीन व्हिक्टर डेब्स. अमेरिकेची निवडणूक म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर दोनच पक्ष येतात, एकाचं चिन्ह हत्ती आणि दुसऱ्याचं गाढव. एवढ्या मोठ्या देशात तिसरा पर्याय दिसत कसा नाही, हा प्रश्न वर्गात राजकारणाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं. मला वाटतं, त्याचं उत्तर डेब्स यांच्या आयुष्यात सापडतं. म्हणून त्यांची गोष्ट सांगते.

डेब्स यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८५५ रोजी इंडियाना राज्यातल्या टेरे होट या गावी झाला. आईवडील फ्रान्सच्या अल्सास प्रांतातून आलेले. वडिलांचं किराणा मालाचं दुकान होतं, पण ओढ पुस्तकांची. मुलाचं नावही त्यांनी दोन फ्रेंच लेखकांवरून ठेवलं, युजेन स्यू आणि व्हिक्टर ह्यूगो. चौदाव्या वर्षी मुलाने शाळा सोडली आणि तो रेल्वेच्या कारखान्यात डब्यांचा जुना रंग खरवडायच्या कामाला लागला. पुढे इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन झाला. त्या काळी रेल्वेत अपघाती मरण ही रोजचीच गोष्ट होती. आईच्या जिवाला घोर लागला, म्हणून त्यांनी ते काम सोडलं आणि एका घाऊक किराणा व्यापाऱ्याकडे नोकरी धरली. पण फायरमन लोकांशी नातं तुटलं नाही. १८७५ मध्ये गावात त्यांच्या संघटनेची शाखा निघाली, त्यात डेब्स पहिल्यापासून होते.

सुरुवातीला हा माणूस बंडखोर वगैरे अजिबात नव्हता. डेमोक्रॅटिक पक्षातर्फे ते टेरे होटचे सिटी क्लार्क म्हणून निवडून आले, १८८४ मध्ये राज्याच्या विधिमंडळातही गेले. मालक आणि कामगार यांनी समजुतीने वागलं तर संपाची गरज काय, असं त्यांचं मत होतं. म्हणजे दोन मोठ्या पक्षांपैकी एकाच्या घरातच ते वाढले होते.

हे मत बदललं ते पुलमनच्या संपाने. तोवर रेल्वेत फायरमनची संघटना वेगळी, ड्रायव्हरची वेगळी, गार्डची वेगळी, आणि एकाने संप केला की दुसरा कामावर हजर. हे मोडायला डेब्स यांनी १८९३ मध्ये अमेरिकन रेल्वे युनियन काढली, सगळ्यांची मिळून एक. (सगळ्यांची म्हणताना एक डाग सांगायलाच हवा. काळ्या कामगारांना सभासद करून घ्यावं असं डेब्स यांचं म्हणणं होतं, पण अधिवेशनात मतदान झालं आणि थोडक्यात ते हरले.) १८९४ मध्ये शिकागोजवळच्या पुलमन कंपनीने मंदीचं कारण सांगून मजुरी कापली, मात्र कामगार राहत होते त्या कंपनीच्याच घरांचं भाडं कमी केलं नाही. कामगारांनी संप पुकारला. युनियनने पुलमनचे डबे जोडलेल्या गाड्या चालवायला नकार दिला आणि देशातली अर्धीअधिक रेल्वे ठप्प झाली.

राष्ट्राध्यक्ष तेव्हा ग्रोव्हर क्लीव्हलँड होते, डेमोक्रॅटिक पक्षाचे. डेब्स यांनी ज्या पक्षासाठी वर्षानुवर्षं मतं मागितली, त्याच पक्षाच्या सरकारने कोर्टातून मनाई हुकूम आणला आणि शिकागोत सैन्य उतरवलं. संप मोडला, युनियनही मोडली. हुकूम मोडल्याबद्दल डेब्स यांना सहा महिने तुरुंगवास झाला. वुडस्टॉकच्या तुरुंगात त्यांनी समाजवादावरची पुस्तकं वाचायला घेतली. रिपब्लिकन तर मालकांच्या बाजूचे होतेच, पण आपले म्हणवणारेही वेळ आली की तिकडेच उभे राहतात, हे त्यांना पुस्तकांच्या आधी अनुभवाने शिकवलं होतं.

तरी ते लगेच तिसऱ्या वाटेने गेले नाहीत. १८९२ मध्ये शेतकऱ्यांच्या पॉप्युलिस्ट पक्षाने काही राज्यं जिंकून २२ इलेक्टर मिळवले होते. १८९६ मध्ये डेमोक्रॅट पक्षाने त्यांची चांदीच्या नाण्यांची मागणी उचलली आणि विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना उभं केलं. पॉप्युलिस्टांनीही त्यांनाच आपला उमेदवार मानलं. डेब्ससुद्धा ब्रायन यांच्याच प्रचाराला गेले. ब्रायन हरले, आणि पॉप्युलिस्ट पक्ष मोठ्या पक्षात साखरेसारखा विरघळून गेला. त्यानंतर काही आठवड्यांतच, १८९७ च्या जानेवारीत, डेब्स यांनी आपण समाजवादी झाल्याचं जाहीर केलं.

पुढे ते पाच वेळा राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. १९०० मध्ये एक लाखही मतं मिळाली नाहीत. १९०४ मध्ये चार लाखांच्या वर गेली. १९०८ मध्ये कामगारांनी वर्गणी काढून त्यांच्यासाठी एक अख्खी रेल्वेगाडी भाड्याने घेतली. रेड स्पेशल तिचं नाव. गावोगावी थांबायची, डेब्स उतरून भाषण करायचे, गाडी पुढे. उंच, सडपातळ माणूस, बोलताना श्रोत्यांकडे असा वाकायचा की पहिल्या रांगेतल्यांना वाटावं, आता हा आपल्या अंगावरच येणार. गर्दी उसळायची. पण मतं जवळपास तेवढीच राहिली, चार लाख वीस हजार. ऐकायला आलेले सगळे मत द्यायला आले नाहीत.

मतदार म्हणायचा, माणूस चांगला आहे, पण निवडून थोडाच येणार? मग मत फुकट कशाला घालवा? दोन्हींतला त्यातल्या त्यात बरा बघू. आपल्याकडेही हे वाक्य नाक्यावर, बसमध्ये, घरी जेवताना ऐकू येतं. यात लोक भित्रे असतात असं मला वाटत नाही. पद्धतच त्यांना तसा हिशेब करायला लावते.

ती पद्धत अशी. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांवर ठरत नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक इलेक्टर असतात आणि राज्यात ज्याला सर्वांत जास्त मतं, त्याला बहुतेक ठिकाणी त्या राज्याचे सगळे इलेक्टर. दुसऱ्याला शून्य, तिसऱ्यालाही शून्य. १९१२ ची निवडणूक बघा. त्या वर्षी माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट रिपब्लिकन पक्ष सोडून स्वतःचा प्रोग्रेसिव्ह पक्ष घेऊन उतरले होते, त्यामुळे लढत चौरंगी झाली. वुड्रो विल्सन यांना सुमारे ४२ टक्के मतं आणि ४३५ इलेक्टर. रूझवेल्ट यांना २७ टक्के आणि ८८ इलेक्टर. विद्यमान राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांना २३ टक्के आणि फक्त ८. डेब्स यांना नऊ लाख मतं, म्हणजे ६ टक्के, आणि इलेक्टर एकही नाही. ओक्लाहोमा आणि नेवाडा या राज्यांत त्यांना १६ टक्क्यांहून जास्त मतं होती. पण देशभर विखुरलेली मतं तिथे मोजली जातात आणि विसरली जातात.

दुसरी अडचण मतपत्रिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेत पक्ष आपापल्या चिठ्ठ्या छापून मतदारांना द्यायचे. नंतर सरकारी मतपत्रिका आली. मतदान गुप्त झालं, हे चांगलंच झालं. पण त्या कागदावर कुणाचं नाव छापायचं हे ठरवायचा अधिकार राज्यांच्या विधिमंडळांकडे गेला, आणि तिथे दोन पक्षच बसलेले. नव्या पक्षाने इतक्या सह्या आणाव्यात, अमुक तारखेच्या आत आणाव्यात, असे नियम राज्याराज्यांत वेगवेगळे झाले. एकाच उमेदवाराला दोन पक्षांनी पाठिंबा द्यायची सोय बऱ्याच राज्यांनी बंद केली. दुकान उघडायचा परवाना शेजारच्या दुकानदारानेच द्यायचा, तसा हा प्रकार.

आणि तरीही कुठे तिसरा जिंकलाच, तर? मिलवॉकी शहरात १९१० मध्ये समाजवादी एमिल सायडेल महापौर झाले. १९१२ मध्ये डेब्स यांच्यासोबत उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते ते हेच. त्याच वर्षी मिलवॉकीत डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन एकत्र आले, दोघांनी मिळून एकच उमेदवार दिला आणि सायडेल यांना पाडलं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, तिसरा दिसला की सख्खे भाऊ.

आपल्याकडेही जास्त मतं त्याचा विजय हीच रीत आहे, मग इथे एवढे पक्ष कसे, असा प्रश्न पडेल. आमच्या गोव्यात १९६३ च्या पहिल्याच विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि युनायटेड गोवन्स विरोधी बाकांवर. दोन्ही इथलेच पक्ष. त्यांची मतं एका जागी होती, आणि राज्यात सरकार बनवायला दिल्ली जिंकावी लागत नव्हती. अमेरिकेतही १९६८ मध्ये जॉर्ज वॉलेस यांना ४६ इलेक्टर मिळाले, कारण त्यांची वर्णद्वेषी मतं दक्षिणेत एकवटलेली होती. उलट १९९२ मध्ये रॉस पेरो यांना जवळपास १९ टक्के मतं मिळूनही एकही इलेक्टर मिळाला नाही. डेब्स यांच्या नंतर ऐंशी वर्षांनी तोच हिशेब.

पहिलं महायुद्ध आलं. अमेरिका १९१७ मध्ये युद्धात उतरली आणि युद्धाविरुद्ध बोलणं गुन्हा ठरू लागलं. १६ जून १९१८ रोजी ओहायोतल्या कॅन्टन इथे डेब्स यांनी भाषण केलं. युद्ध ठरवतात धनवान आणि मरायला जातात गरीब, असा त्याचा रोख होता. सरकारी माणसं लिहून घेत होती. खटला उभा राहिला. डेब्स यांनी बचावासाठी एकही साक्षीदार आणला नाही. भाषण नाकारलं नाही, शब्द फिरवले नाहीत. दहा वर्षांची शिक्षा झाली आणि सुप्रीम कोर्टाने ती एकमताने कायम केली. एप्रिल १९१९ मध्ये ते तुरुंगात गेले.

डेब्स चर्चला जाणारे नव्हते. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये कामगारांच्या संघटनेचा आणि रास्त मजुरीचा हक्क उचलून धरला होता, पण समाजवाद मात्र नाकारला होता. अमेरिकेतले बरेच कॅथलिक कामगार त्यामुळेही डेब्स यांच्यापासून दूर राहिले. तरी तुरुंगात सोबतच्या कैद्यांशी ते जसे वागले ते वाचताना मला ती दुरी जाणवत नाही. विल्सन यांनी त्यांना शेवटपर्यंत सोडलं नाही. पुढचे राष्ट्राध्यक्ष रिपब्लिकन वॉरन हार्डिंग यांनी शिक्षा कमी केली आणि १९२१ च्या नाताळच्या दिवशी डेब्स बाहेर आले. मागे तुरुंगातले कैदी त्यांच्या नावाने जल्लोष करत होते आणि डेब्स रडत होते.

तब्येत तुरुंगातच ढासळली होती. २० ऑक्टोबर १९२६ रोजी इलिनॉयमधल्या एल्महर्स्ट इथे त्यांचं निधन झालं. तोवर त्यांचा पक्षही खिळखिळा झाला होता, काही कम्युनिस्ट होऊन फुटले, काही घरी बसले.

मग ती नऊ लाख मतं फुकट गेली का? समाजवादी पक्षाच्या १९१२ च्या जाहीरनाम्यात स्त्रियांना मताधिकार, बालमजुरीला बंदी, म्हातारपणाची पेन्शन आणि बेकारीचा विमा या मागण्या होत्या. स्त्रियांना देशभर मताधिकार १९२० मध्ये मिळाला. पेन्शन आणि बेकारी विम्याचा कायदा १९३५ मध्ये झाला, कामाचे तास आणि बालमजुरी यांच्यावर बंधन घालणारा १९३८ मध्ये. हे दोन्ही कायदे डेमोक्रॅट फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या काळातले. एकट्या डेब्स यांच्यामुळे ते झाले असं म्हणणं चूक ठरेल, अनेकांचे हात त्याला लागले. पण मोठे पक्ष तिसऱ्याची मागणी उचलतात ती त्यामागे मतं दिसतात म्हणूनच. मागणी उचलली जाते, श्रेय उचललं जातं, आणि मागणी करणारा पक्ष मतपत्रिकेच्या तळाशी राहतो. तिसरा पक्ष तिथे नसतो असं नाही. त्याचं काम दुसऱ्याच्या नावावर जमा होतं, म्हणून तो दिसत नाही.

आपल्यातले बरेच जण नुकतेच मतदार झाले आहेत. बरा कोण हे बघून मत द्यायचं की आपला कोण हे बघून, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मला दोन्ही बाजू पटतात, आणि अजून माझं पक्कं ठरलेलं नाही. पण न जिंकणाऱ्याला दिलेलं मत कचऱ्यात गेलं, असं कुणी ठामपणे म्हणालं, की मला ते बिल्ले आठवतात. नऊ लाख माणसांना हा कैदी निवडून येणार नाही हे पक्कं माहीत होतं, आणि तरी त्या दिवशी ती घरातून निघून मतदान केंद्रावर गेली होती.