लोगोच्या आधीचा लुई

लिंकिंग रोड असो की फॅशन स्ट्रीट, तपकिरी रंगावर ‘एल’ आणि ‘व्ही’ एकमेकांत गुंतलेली बॅग तुम्ही कधी ना कधी हातात घेतलीच असेल. भाव विचारला असेल, घासाघीस केली असेल. ती ‘फर्स्ट कॉपी’ आहे हे विक्रेत्यानं स्वतःच अभिमानानं सांगितलं असेल. पण गंमत माहितीये? ही अक्षरं ज्याच्या नावाची आहेत, त्या लुई व्हिटॉननं हे डिझाइन कधी पाहिलंच नाही. ते आलं १८९६ मध्ये. लुई त्याच्या चार वर्षं आधीच गेला होता. मग त्यानं आयुष्यात केलं काय? सुरुवातीची सतरा वर्षं तर त्यानं फक्त दुसऱ्यांसाठी पेट्या बनवल्या आणि भरल्या.

लुईचा जन्म ४ ऑगस्ट १८२१ चा. फ्रान्सच्या पूर्वेकडच्या जुरा डोंगराळ भागातलं आंशे हे त्याचं छोटंसं गाव. वडील शेतकरी, आई टोप्या बनवणारी. लुई दहा वर्षांचा असताना आई गेली. पुढे घरात सावत्र आई आली. तेराव्या वर्षी, १८३५ मध्ये, त्यानं घर सोडलं आणि पॅरिसची वाट धरली. अंतर सुमारे ४७० किलोमीटर, म्हणजे पुण्याहून पणजीला चालत जाण्यासारखंच. खिशात पैसे नाहीत. वाटेत मिळेल ते काम करायचं, चार दिवस पोट भरायचं आणि पुढे निघायचं. पॅरिस गाठायला त्याला दोन वर्षं लागली.

तो पोचला १८३७ मध्ये. पॅरिसहून पहिली प्रवासी रेल्वे सुटली तीही त्याच वर्षी. श्रीमंत लोक आता लांबलांबचा प्रवास करू लागले होते आणि त्यांच्याबरोबर कपड्यांचा डोंगर असायचा. बायकांचे घेरदार झगे नीट घडी करून पेटीत बसवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हतं. त्यासाठी पॅरिसमध्ये खास कारागीर होते. ते गिऱ्हाईकाच्या सामानाच्या मापानं पेटी बनवून द्यायचे आणि घरी जाऊन ती भरूनही द्यायचे. मारेशाल नावाच्या अशाच एका कारागिराकडे लुई उमेदवारीला लागला.

या कामाचा एक फायदा होता. पेटी विकत घेणारा ती बाहेरून बघतो, पण भरणाऱ्याला ती आतून कळते. लाकडाचं एखादं कुसळ राहिलं असेल तर रेशमाचा धागा ओढला जाणार. चामड्याचं तर विचारूच नका. त्याची वरची बाजू गुळगुळीत असते, पण उलटी बाजू खरखरीत. तिचे तंतू सुटतात, रंग कपड्याला लागतो, दमट हवेत वास येतो. म्हणून आत कापडाचं अस्तर लावायचं. त्यानं शिवण झाकली जाते, आतल्या खिशांना आधार मिळतो आणि कपडा सुरक्षित राहतो. अस्तर सैल राहिलं तर सुरकुत्या पडतात, घट्ट झालं तर कोपऱ्यात फाटतं. ही सगळी समज हाताला यायला वर्षं जातात. लुईनं ती दिली. १८५३ मध्ये नेपोलियन तिसरा याची राणी युजेनी हिच्या पेट्या बनवायचं आणि भरायचं काम त्याच्याकडे आलं. पुढच्याच वर्षी त्यानं लग्न केलं आणि स्वतःचं दुकानही थाटलं.

आता त्याच्या खऱ्या कामगिरीकडे येऊ. त्या काळच्या पेट्यांचं झाकण घुमटासारखं गोल असायचं, पावसाचं पाणी ओघळून जावं म्हणून. घोडागाडीच्या टपावर ते ठीक होतं. पण रेल्वेच्या डब्यात आणि जहाजात अशा पेट्या एकावर एक रचणार कशा? त्यात बाहेरून चामडं, म्हणजे वजन आलंच. १८५८ मध्ये लुईनं सपाट झाकणाची पेटी आणली. आत हलकं पॉप्लरचं लाकूड आणि बाहेर चामड्याऐवजी राखाडी कॅनव्हास. हे कॅनव्हास राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या खळीनं असं तयार केलेलं होतं, की पाणी आत शिरू नये. आजवर कापड अस्तर म्हणून आत दडलेलं असायचं. लुईनं ते बाहेरही आणलं आणि पेटी हलकी झाली. मागणी इतकी वाढली, की १८५९ मध्ये पॅरिसबाहेर आनियेर इथं त्याला मोठा कारखाना काढावा लागला.

मग १८७० चं युद्ध आलं. प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला. सगळं शांत झाल्यावर लुई आनियेरला परतला, तेव्हा कारखान्याची नासधूस झाली होती. हत्यारं चोरीला गेली होती, कारागीर पांगले होते. लुई पन्नाशीला टेकलेला. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि १८७१ मध्ये पॅरिसच्या ऑपेराजवळ नवं दुकान उघडलं.

तोवर दुसरीच डोकेदुखी वाढली होती, नकलांची. त्याची सपाट राखाडी पेटी इतर लोक सर्रास बनवत होते. म्हणून त्यानं पट्ट्यापट्ट्यांचं कॅनव्हास काढलं. त्याचीही नक्कल झाली. १८८८ मध्ये चौकटींचं कॅनव्हास आलं, त्यावर नोंदणीकृत मार्क असल्याची ओळसुद्धा छापली. २७ फेब्रुवारी १८९२ ला आनियेरलाच लुईचं निधन झालं. नकला थांबल्या नव्हत्या. त्या थांबवायला मुलानं, जॉर्जनं, वडिलांच्या नावाची आद्याक्षरं घेऊन १८९६ मध्ये नवं डिझाइन केलं. आज रस्त्यावर सर्वात जास्त नक्कल होते ती नेमकी त्याचीच!

पेटी आतून बाहेर रचायची सवय मात्र कारखान्यानं सोडली नाही. १९२६ मध्ये बडोद्याच्या महाराजांसाठी, म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांसाठी, चहाचं सगळं सामान बसेल अशी पेटी तिथं तयार झाली. आधी आत काय ठेवायचंय ते बघायचं आणि मग पेटी बनवायची, ही लुईचीच पद्धत.

तेव्हा पुढच्या वेळी बॅग घ्याल, दोनशेची असो वा दोन लाखांची, लोगो जरा बाजूला ठेवा. चेन उघडा, आत हात घाला, अस्तर चिमटीत धरून बघा. शिवण सरळ आहे का? कोपऱ्यात कापड ताणलंय का? खिसा ओढल्यावर उसवतोय का? अक्षरं कुणालाही छापता येतात. आतलं काम करायला मात्र ते शिकावं लागतं, आणि लुईनं त्यासाठी सतरा वर्षं दिली होती.