संत मार्क जी : तीस वर्षे कम्युनियनविना

९ जुलै हा दिवस ख्रिस्तसभा चीनमधील १२० रक्तसाक्ष्यांच्या स्मरणार्थ पाळते. या १२० जणांत बिशप आहेत, धर्मगुरू आहेत, धर्मभगिनी आहेत, अगदी लहान मुलेही आहेत. आणि एक वैद्य आहेत, ज्यांना आयुष्याची शेवटची तीस वर्षे पापक्षमा नाकारली गेली होती. त्यांचे नाव मार्क जी तियानशियांग. (चिनी लोकांत आडनाव आधी येते. तेव्हा हा 'जी' आपला आदरार्थी नव्हे, ते त्यांचे आडनाव.)

मार्क यांचा जन्म १८३४ साली उत्तर चीनमध्ये, आजच्या हेबेई प्रांतात, एका ख्रिस्ती घराण्यात झाला. ते वैद्य झाले. गावात त्यांना मान होता, आणि गरिबांकडून ते पैसे घेत नसत. पुढे त्यांना पोटाचे दुखणे जडले. वैद्यच ते, त्यांनी स्वतःच स्वतःवर उपचार केला आणि औषध म्हणून अफू घेतली.

यात त्या काळी कुणाला काही वावगे वाटले नसते. वेदना, खोकला, जुलाब यांवर अफू हे जगभरचे नेहमीचे औषध होते. आपल्याकडेही मुंबईच्या गिरणीत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या बाळांना अफूची बाळगोळी चाटवून जात असत, ही काही फार जुनी गोष्ट नाही. आणि चीनमध्ये जाणारी अफू तरी कुठली? बंगाल-बिहारची अफू कलकत्त्याहून आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून जहाजे भरभरून जात होती. या व्यापारासाठी ब्रिटिशांनी चीनशी दोनदा युद्ध केले, १८३९ मध्ये आणि १८५६ मध्ये. मुंबईतील अनेक मोठी घराणी या पैशावर उभी राहिली. मार्क यांच्या गावापासून आपण समजतो तितके दूर नाही.

पोटदुखी थांबली, अफू थांबली नाही. हे कसे होते ते नीट समजून घ्यायला हवे, कारण आज अफूच्या जागी तिच्याच कुळातील गोळ्या आल्या आहेत. आपल्या शरीरात वेदना शमवणारी द्रव्ये मुळातच तयार होतात. अफू मेंदूत नेमकी त्यांच्याच जागी जाऊन बसते. ती रोज येऊ लागली की मेंदू आपला कारभार तिच्या हिशोबाने मांडतो. मग आधीची मात्रा पुरत नाही, ती वाढवावी लागते. आणि एके दिवशी ती घेतली नाही, तर सारे उलटे फिरते : पोटात मुरडा, जुलाब, घाम, अंगदुखी, डोळ्याला डोळा लागत नाही. पोटाच्या दुखण्यासाठी अफू घेणाऱ्या माणसाला त्या क्षणी काय वाटत असेल? जुना आजारच परत आला, असेच वाटणार. मार्क यांनी किती वेळा अफू सोडायचा प्रयत्न केला असेल आणि किती वेळा त्याच पोटाने त्यांना मागे ओढले असेल!

ते पापनिवेदनाला जात. तेच पाप पुन्हा, पुन्हा तेच. अखेर धर्मगुरूंनी त्यांना सांगितले की, जोवर अफू सुटत नाही तोवर पापक्षमा मिळणार नाही. तुमचा पश्चात्ताप खरा दिसत नाही. पापक्षमा नाही म्हणजे कम्युनियनही नाही.

त्या धर्मगुरूंना कठोर म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. पुन्हा पाप न करण्याचा निश्चय असल्याशिवाय पश्चात्ताप पुरा होत नाही, हे ख्रिस्तसभेचे शिक्षण तेव्हाही होते, आजही आहे. प्रश्न आहे तो निश्चय आणि यश यांतील फरकाचा. निश्चय ही इच्छाशक्तीची आजची कृती असते. उद्या काय होईल याचे ते भाकीत नसते. आपण उद्या कदाचित पुन्हा पडू, ही भीती मनात असूनही माणूस आज मनापासून निश्चय करू शकतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये कार्डिनल बॉम यांना लिहिलेल्या पत्रात नेमके हेच स्पष्ट केले. संत अगस्तीन यांनाही सवयीची साखळी ठाऊक होती. ती इच्छेनेच घडते, पण घडल्यावर इच्छेलाच बांधते. मात्र अफूची साखळी मनाबरोबर शरीरालाही बांधते, हे एकोणिसाव्या शतकात बहुतेकांना नीट ठाऊक नव्हते. तेव्हा बहुतेक जण याला आजार मानत नव्हते.

मार्क यांना दोन वाटा मोकळ्या होत्या. पापनिवेदनात अफूचे नाव न काढता पापक्षमा मिळवणे, ही एक. देवळाकडे पाठ फिरवणे, ही दुसरी. त्यांनी दोन्ही घेतल्या नाहीत. ते देवळात येत राहिले, प्रार्थना करीत राहिले, सारे कम्युनियनला जात तेव्हा मागे थांबत राहिले. आपल्या गावात आपण कोण आहोत हे प्रत्येकाला माहीत असताना, एक-दोन रविवार नव्हे, तीस वर्षे! अफूवर आपला विजय होत नाही, निदान रक्तसाक्षी होऊन तरी स्वर्ग मिळावा, अशी ते प्रार्थना करीत.

आज मार्क यांना डॉक्टरकडे पाठवता आले असते. ऑपरेशननंतर किंवा कंबरदुखीसाठी लिहून दिलेली ट्रॅमाडॉलसारखी गोळी (२०१८ पासून ती आपल्या देशात अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे), कोडीन असलेले खोकल्याचे औषध, यांची सवय लागलेल्यांना बाहेर काढण्याचे मार्ग आहेत. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवतात. गरज पडल्यास ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे देतात. ते घेणे म्हणजे एक नशा सोडून दुसरी धरणे नव्हे. त्याने तलफ आणि त्रास आवरतो, माणूस कामाला लागतो, घरात बसून बोलू लागतो. सोबत समुपदेशन लागते आणि त्याच वाटेने गेलेल्यांची संगत लागते. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये सुरू केलेले 'कृपा फाउंडेशन' आणि पुण्याचे १९८६ सालचे 'मुक्तांगण' यांनी हे काम आपल्या डोळ्यांसमोर करून दाखवले आहे. बरे होता होता माणूस पुन्हा घसरू शकतो. घसरला तर पुन्हा उपचार, जसे मधुमेहात करतो तसे. एक गोष्ट मात्र घरच्यांनी लक्षात ठेवावी : काही दिवस गोळ्या बंद राहिल्यावर जुनी मोठी मात्रा एकदम घेतली, तर श्वास बंद पडून मृत्यू येऊ शकतो. म्हणून रागाच्या भरात गोळ्या फेकून देऊ नका, डॉक्टरकडे न्या. आणि कॅन्सरच्या रुग्णाला डॉक्टर मॉर्फिन देत असतील तर या लेखाच्या धाकाने ते बंद करू नका. वेदना शमवणे पाप नाही, हे पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्येच सांगितले आहे.

१९०० साली चीनमध्ये बॉक्सर बंडखोरांनी परदेशी लोकांवर आणि ख्रिस्ती लोकांवर शस्त्र उचलले. हजारो चिनी ख्रिस्ती मारले गेले. मार्क यांना मुलगा, सुना व नातवंडांसह पकडण्यात आले. धर्म सोडा, जीव वाचेल, असा पर्याय समोर होता. गावाला वाटले असेल, हा अफूबाज पहिला वाकेल. मार्क वाकले नाहीत. आपल्या घरातील कुणालाही एकट्याने मरण येऊ नये म्हणून आपल्याला शेवटी मारावे, अशी विनंती त्यांनी केली. एकेकाचा शिरच्छेद होताना ते प्रत्येकाजवळ उभे राहिले आणि मग मरियामातेची लितानी गात स्वतः पुढे झाले. तो ७ जुलैचा दिवस होता. ते ६६ वर्षांचे होते.

१९५५ मध्ये पोप पायस बारावे यांनी त्यांना धन्य घोषित केले आणि १ ऑक्टोबर २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी संतपद दिले. अफू सुटली म्हणून नव्हे. ती सुटलीच नव्हती.

पापनिवेदनासाठी आम्ही शनिवारी संध्याकाळी मिस्साआधी बसतो. गोळ्या, बाटली किंवा आणखी काही अजून सुटलेले नाही म्हणून जे बाकावरच थांबतात, त्यांनीही यावे. डॉक्टरकडे जायला सोबत हवी असेल, तर तेही तिथेच सांगावे.