विस्मृतीतला विजेता : पॅट्रिक ओकॉनेल

डब्लिनमध्ये वाढलेल्या पॅट्रिक ओकॉनेलचा (१८८७–१९५९) जीवनपट कीर्ती आणि उपेक्षा अशा दोन धाग्यांनी विणलेला आहे. १९१४ साली आयर्लंडने ब्रिटिश बेटांतील चार देशांची स्पर्धा प्रथमच निर्विवादपणे जिंकली, त्या संघात तो होता. मँचेस्टर युनायटेडचे कर्णधारपदही त्याने भूषविले.

१९२२ मध्ये पत्नी व चार मुलांना मागे ठेवून तो स्पेनमधील सांतांदेरच्या संघाचा प्रशिक्षक झाला. १९३५ साली त्याच्या मार्गदर्शनाखाली सेव्हिलच्या रेआल बेतिसने स्पेनची लीग जिंकली. त्या संघाचे हे आजवरचे एकमेव लीग विजेतेपद. पुढे बार्सिलोना! १९३६ साली यादवी युद्धात क्लबचे अध्यक्ष जोसेप सुन्योल यांची हत्या झाली, तिजोरी रिती झाली. तेव्हा १९३७ साली ओकॉनेलने संघ मेक्सिको व अमेरिकेच्या दौऱ्यावर नेला. अनेक खेळाडू परतलेच नाहीत. पण दौऱ्याच्या पैशावर क्लब तगला.

क्लब तारणाऱ्या या माणसाला स्वतःचे घर मात्र सावरता आले नाही. लंडनमध्ये दारिद्र्यात त्याचा अंत झाला. कित्येक दशके त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो अखेर २०१६ साली चाहत्यांनी निधी जमवून उभारला. मैदानावरचे यश आणि घरातले अपयश, दोन्ही त्याच्या नावावर मांडावे लागते.